भिंतीपलीकडचं गुणगुणणं

लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईनं माझ्या हातावर पाव ठेवला. झालं ते एवढंच. शुक्रवारची सकाळ, सव्वाआठ वाजलेले. न्यायाधीशांची वेगळी लिफ्ट दुरुस्तीला काढलेली, म्हणून मी लोकांच्या लिफ्टमधून वर चालले होते. अंगात झगा नव्हता, साधा राखाडी कोट होता आणि पायात बर्फातले बूट. झगा नसला की मी बसस्टॉपवरच्या कुठल्याही साठीच्या बाईसारखी दिसते, म्हणूनच तिचा धीर झाला असणार. तिच्या हातात चंदेरी कागदानं झाकलेला ट्रे होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, की कुणाला तरी दिल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. “घ्या ना ताई, एक तरी घ्या,” ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, “वरच्या जज्जसाहेबांसाठी केले होते. खालचा पहारेकरी म्हणतो, त्यांना खायचं द्यायला बंदी आहे. कारकुनाला तरी विचारून बघते म्हटलं. काय बाई नियम तरी एकेक! आनंदाचं कुणी परत नेतं का?” चौदा वर्षं रोज कानावर पडून स्पॅनिश मला कळतं, बोलताही येतं. मी विचारलं, “कसला आनंद?” “अहो, मला राहू दिलं! आठ नंबरच्या साहेबांनी. हाकलणार नाहीत आता.” मी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. तो चेहरा मी पाहिला होता. तसंच रुंद कपाळ, वरचा ओठ तसाच किंचित उचललेला. फक्त माझ्यासमोर तो हसत नव्हता. अठ्ठावीस दिवसांपूर्वी, माझ्या कोर्टात, त्या चेहऱ्याला मी नाही म्हटलं होतं. “आता धाकटीचं तेवढं व्हायला हवं,” बाई पुढे बोलतच होती, “तिच्या वाट्याला सात नंबर आला. सात नंबरची बाई म्हणजे दगड आहे म्हणे दगड.” अकरावा मजला आला, दार उघडलं. मी म्हटलं, “हो, ऐकलंय खरं तसं.”

सात नंबरची बाई मी. लोरेन वोयताशिक. वकीलमंडळी मला पाठीमागे नाही-बाई म्हणतात, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कुणीतरी नाही म्हणायला हवंच. माझ्या शेजारी, एका भिंतीपलीकडे, आठ नंबरमध्ये एव्हरेट टिलमन बसतो. तो आधी गरिबांचे खटले फुकट लढवायचा, मी सरकारच्या बाजूनं उभी राहायची, आणि दोघांनाही एकाच महिन्यात खुर्ची मिळाली. दर हिवाळ्यात कुठलीशी विद्यापीठातली माणसं यादी छापतात, कुठल्या न्यायाधीशानं आसरा मागणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना हो म्हटलं याची. गेल्या यादीत टिलमनचे एकाहत्तर होते, माझे अकरा. कायद्याचं पुस्तक तेच, माणसं सरहद्दीवरच्या त्याच नदीवरून त्याच चिखलातून आलेली, खटला कुणाकडे जायचा ते मशीन ठरवतं, आणि तरी एकाहत्तर आणि अकरा. यादी आली की टिलमन जेवणाच्या खोलीत माझ्यासमोर सँडविच सोडत म्हणतो, “लोरेन, यंदा एक वाढला हं तुझा. तब्येत बरी आहे ना?” मीही ऐकून घेत नाही. “तुझ्या दारात उभं राहिलं तर खांबालासुद्धा आसरा मिळेल,” म्हणते. आम्ही हसतो. माझं हसणं खरं असायचं, कारण माझी खात्री होती: तो भोळा आहे आणि मी जागी आहे. त्याची एकच गोष्ट मला सोसवत नाही. हो म्हणून सही केली की तो गुणगुणतो. गाणं वगैरे काही नाही, नुसता नाकातला सूर, पण आवाज घुमणारा आणि भिंत पुठ्ठ्याची. आठवड्यातून चार-पाचदा, माझ्यासमोर कुणीतरी कुठल्यातरी तुरुंगाची हकीकत सांगत असताना, पलीकडून तो सूर सुरू होतो आणि माझ्या कोर्टातले वकील माना खाली घालतात. आपण चुकीच्या दारात आलो, हे त्यांच्या मानेवरसुद्धा दिसतं.

खोलीत येऊन पाव मी कागदी रुमालावर ठेवला. गोल, वर साखरेची जाडसर खपली, अजून कोमट. ठेवला तो नेमका त्या फाईलवर. नोएमी लागोस, वय बावीस, होंडुरास. वरचा कागद तिच्या वकिलाचा, हॉलोवेबाईंचा: निकालाचा फेरविचार करा. सोबत थोरलीचा, इव्हेत लागोसचा, टिलमननं दिलेला निकाल जोडला होता. तो अर्ज येऊन पाच दिवस झाले होते आणि मी तो उघडला नव्हता. सोमवारी मुदत संपून निकाल पक्का होणार होता. त्यानंतर कुठल्याही सकाळी त्या पोरीला विमानात बसवलं असतं, आणि जिथे उतरवलं असतं तिथे तिच्या बापाला मारणारी माणसं मोकळी फिरत होती. वरच्या अपिलात हल्ली काय पदरात पडतं ते हॉलोवेलाही ठाऊक होतं, मलाही. माझी कारकून बर्नाडेट आत आली. तिच्या जिभेला हाड नाही आणि मलाही तशीच माणसं बरी वाटतात. “अगंबाई, हे काय! डाएट मोडलं वाटतं?” “कुणीतरी दिला.” “कुणीतरी म्हणजे? बाई, तुम्ही कुणाचा पाण्याचा ग्लाससुद्धा घेत नाही.” मी तिला खरं ते सांगितलं. ती पावाकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. “टाकून देऊ?” “राहू दे,” मी म्हटलं. “अजून खाल्लेला नाही मी.”

मग मी थोरलीचा निकाल वाचायला घेतला. मला घाई नव्हती, दहापर्यंत काही नव्हतं. हकीकत अक्षरशः तीच. बाप गावातल्या पाण्याच्या समितीवर, नदीवर धरण नको म्हणणारा. तक्रारीवर बापाच्या खाली दोघी मुलींच्या सह्या. माणसं आली तेव्हा बापानं दोघींना कॉफी वाळवायच्या खोपटात पोत्यांमागे दडवलं, मग तो मेला, मग त्या निघाल्या. सरहद्दीच्या नदीवर त्यांची चुकामूक झाली, धाकटी पंधरा दिवसांनी पोहोचली, म्हणून फायली दोन झाल्या. धाकटीला मी का नाही म्हटलं होतं ते मला तोंडपाठ आहे, कारण मी निकाल तिथेच, साक्ष संपल्या संपल्या, टेपच्या यंत्रात बोलून टाकते. माझी तयार वाक्यं आहेत, फक्त नाव आणि तारीख भरायची. लेखी जबाबात खोपटात चार दिवस लिहिलंय, कोर्टात सहा दिवस म्हणाली, विसंगती मुद्द्याच्या गाभ्याला भिडणारी आहे, सबब साक्षीदार विश्वासार्ह नाही. नोएमी शांत बसून ऐकत होती. दुभाष्या तिच्या कानाशी सांगत होता, तेव्हा एकदाच ती त्याला काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणतेय? तो म्हणाला, “काही नाही साहेब, विचारतेय, आता उठायचं का.” आणि आता टिलमनच्या निकालात, चौथ्या पानावर, तीच विसंगती माझ्यासमोर होती. थोरलीनंही आधी चार लिहिलं होतं आणि कोर्टात पाच म्हटलं होतं. चारही नाही, सहाही नाही, पाच! मी असते तर तिथेच यंत्र चालू केलं असतं. टिलमननं एक प्रश्न विचारला होता. दिवस कसे मोजलेत तुम्ही? आणि ती म्हणाली होती: खोपटाला खिडकी नव्हती साहेब. पोती अंगावर. बाबा भाकरी घेऊन यायचे त्यावरून मोजायचो. चारदा आले. पाचव्यांदा आले नाहीत. त्यानंतर मी एक दिवस धरला, बहीण दोन धरते, कारण ती झोपली नाही.

मी चष्मा काढून ठेवला. बाहेर तळ्यावरचा वारा खिडकीच्या चौकटीत घुसून शीळ घालत होता, तो आमच्या शहरात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घालतोच. आणि मला, त्या गंभीर वेळी, माझे आजोबा आठवले. आजोबा पोलंडहून बोटीनं आले, चाळीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर राबले आणि रविवारी कोबीची भाजी आणि सॉसेज पुढ्यात आलं की बोटीची गोष्ट सांगायचे. कधी बोटीत अकरा दिवस असायचे, कधी तेरा. मी आठ-नऊ वर्षांची, टेबलाखाली पाय हलवत टपून बसलेली. “आजोबा, मागच्या रविवारी तेरा म्हणालात! खोटं!” सगळं टेबल हसायचं. काका म्हणायचा, “ही कार्टी वकील होणार, लिहून ठेवा.” मला केवढा अभिमान वाटायचा! माझं सगळं आयुष्य त्या हशातून निघालं असं म्हटलं तरी चालेल. पण त्या हशानंतर आजोबा काहीतरी म्हणायचे, ते मी पन्नास वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. ते चमचा खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “बये, तळाच्या खोलीत कॅलेंडर नव्हतं टांगलेलं.” रागानं नाही. मला शिकवावं म्हणूनही नाही. नुसतं सांगायचे, आणि मग कोबी वाढून घ्यायचे. त्यांना कुणीही पुढे विचारलं नाही की मग तुम्ही मोजलेत कसे. मी तर नाहीच. मला हवं होतं ते सापडलेलं असायचं.

इथपर्यंत मी स्वतःला माफ केलं असतं. न्यायाधीश चुकतो, त्यासाठीच फेरविचार असतो. पण फाईल चाळताना खालून एक जुना कागद वर आला आणि त्यावर माझी सही होती, ठसठशीत. दोन वर्षांपूर्वीचा हॉलोवेचा अर्ज. दोघी सख्ख्या बहिणी, हकीकत एकच, थोरलीची फाईल आठ नंबरमध्ये आधीची आहे, तेव्हा धाकटीचीही तिकडे पाठवावी. आमच्याकडे वहिवाटच आहे ही. घरच्या माणसांच्या फायली एकत्र जातात, जिथे पहिली तिथे बाकीच्या. असे अर्ज मी डोळे मिटून मंजूर करते. हा नामंजूर केला होता. शेरा एका ओळीचा: पुरेसं कारण नाही. आणि तो दिवस मला आठवला, लख्ख, अगदी तोंडाच्या चवीसकट. त्याच सकाळी यादी छापून आली होती. त्या वर्षी माझे नऊ होते. जेवणाच्या खोलीत दोन तरुण वकील पाठमोरे उभे होते, त्यातला एक म्हणाला, “सातमध्ये अडकलास? काहीतरी कर आणि आठमध्ये सटक.” कॉफी हातात घेऊन मी परत आले, तर टेबलावर हा अर्ज. मी मनात म्हटलं, अस्सं! सटकता काय! बघते कशी सटकतेस ते. हॉलोवे बिचारी तिथे नव्हतीसुद्धा. त्या दोन पोरींनी ती यादी आयुष्यात पाहिली नसेल. मी कायदा बघितला नाही, वहिवाट बघितली नाही, फाईल उघडली नाही. मला चीड आली होती आणि माझ्या हातात पेन होतं. चौदा वर्षं मी लोकांना सांगत आलेय की मी कडक आहे पण सरळ आहे. कडक होते. त्या दिवशी सरळ नव्हते. लाज वाटली, खोटं नाही सांगत, कानाच्या पाळ्या तापल्या. आणि लाजेच्या पाठोपाठ एक थंडगार विचार आला, की ह्या एकीची बहीण लिफ्टमध्ये भेटली म्हणून कळलं. ज्यांच्या बहिणी भेटल्या नाहीत त्यांचं काय?

मी हातपाय गाळणारी बाई नाही. टेबलावर डोकं टेकून रडणं मला येत नाही, आणि येत असतं तरी त्याचा नोएमीला उपयोग शून्य. प्रश्न असा होता की आता करायचं काय, आणि कुठल्या क्रमानं. फेरविचाराचा अर्ज मंजूर करायचा, हे ठरलंच होतं. पण मग पुन्हा ऐकायचं कुणी? मी ऐकू शकत होते. तोच प्रश्न मी विचारू शकत होते, उत्तर तर आता मला पाठ होतं. मनाच्या एका कोपऱ्याला ते फार आवडलं: नाही-बाई स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करते, वकील तोंडात बोटं घालतात. मी त्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिथे तीच कॉफी हातात घेतलेली बाई उभी दिसली. पुन्हा माझीच शान, पुन्हा त्या पोरीच्या जिवावर. नको. आणि नुसती अंग काढून घेऊन फाईल सोडली असती, तर मशीननं ती आमच्यापैकी कुणाच्याही गळ्यात टाकली असती. तीन नंबरमध्ये पीटरसन बसतो, त्याचे शंभरात चार. बर्नाडेट दारात उभी राहिली. “दहाची माणसं आलीत.” “त्यांना कॉफी पाज, सांग बाईंना वीस मिनिटं उशीर आहे.” “तुम्हाला? उशीर?” ती छातीवर हात ठेवून म्हणाली, “आज तळं उलटं वाहतंय वाटतं.”

हुकूम मी हातानं लिहिला, तयार वाक्यं न वापरता. म्हणून वेळ लागला. जो प्रश्न विचारायला हवा होता तो या न्यायालयानं विचारला नाही, असं पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्यात, दोन वर्षांपूर्वीचा अर्ज नामंजूर करण्यास कुठलंही कारण नव्हतं, आणि तो आज मंजूर करण्यात येत आहे. फाईल थोरल्या बहिणीच्या फाईलमागे, आठ नंबरमध्ये. तोपर्यंत हिला कुणी हलवायचं नाही. सही केली. बर्नाडेटनं शिक्का मारला, शिक्क्यात वेळ उमटते, दहा वाजून सतरा मिनिटं. तिनं हुकूम दोनदा वाचला. मग मी पाव उचलला. “बाई!” ती ओरडली. “अहो, पक्षकाराच्या बहिणीनं दिलेला आहे तो! खाल्लात तर ह्या खटल्यात तुम्हाला परत हात लावता येणार नाही. उद्या वरून फाईल तुमच्याकडे परत आली तरी नाही.” “म्हणून तर,” मी म्हटलं, “आधी सही, मग घास.” माझी मला पुरती ओळख आहे. पुढच्या यादीच्या सकाळी मला काय वाटेल याचा भरवसा मी देऊ शकत नव्हते. आत वेलदोड्यासारखा कसलासा वास होता, खपली दाताखाली कुरकुरली, आणि भूक लागली होती म्हणून असेल, पण तसा पाव मी फार दिवसांत खाल्ला नव्हता. सगळा खाल्ला, रुमालावरचा चुरासुद्धा. मग दुसरा हुकूम सांगितला, बर्नाडेटनं हसू दाबत टाइप केला: न्यायाधीशांनी संबंधित कुटुंबाकडून खाद्यपदार्थ स्वीकारून भक्षण केल्यामुळे त्या या प्रकरणातून कायमच्या बाजूला होत आहेत. शिक्का, दहा सव्वीस.

फाईल मी स्वतः पलीकडे नेऊन दिली. टिलमननं दोन्ही हुकूम उभ्या उभ्या वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा टोमणा मारणार, आणि मारला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “मी हो म्हणेनच असं धरून चालू नकोस हं, लोरेन. मलाही कधीकधी खोटं कळतं.” “धरून चाललेलेच नाही,” मी म्हटलं. “मला फक्त एवढं हवंय की तिला विचारलं जावं.” “तुला विचारता आलं असतं.” “हो,” मी म्हटलं. “तेच तर.” त्यानं दोन्ही हुकूम फाईलमध्ये घातले. मी दाराशी पोहोचले तेव्हा म्हणाला, “पाव कसा होता?” “तुझ्यासाठी होता तो,” मी म्हटलं, “म्हणून सांगणार नाही.”

त्यानंतरचे सहा आठवडे मी नेहमीसारखी कोर्टात बसले. कुणी म्हणेल बाई मऊ झाली, तर नाही झाले. त्या सहा आठवड्यांत मी तेरा जणांना नाही म्हटलं आणि त्यातल्या बारांबद्दल मला आजही खात्री आहे. तेराव्याची फाईल मी परत मागवून घेतली. आधीच्या चौदा वर्षांच्या फायली मागवता येत नाहीत, मुदती केव्हाच उलटल्या. ते ओझं आहे, आणि ते माझं आहे. रात्री झोप लागते, पण कधीकधी खिडकीतली शीळ ऐकता ऐकता एखादा आकडा आठवतो, तीन महिने की चार, डावा हात की उजवा, आणि त्या आकड्याला चिकटलेला चेहरा काही केल्या आठवत नाही. नोएमीची तारीख सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी होती, साडेनऊला, भिंतीपलीकडे. मी मुद्दामच त्या वेळी माझ्याकडे एक लांबलचक साक्ष लावून घेतली. कॅमेरूनहून आलेला साठीचा शाळामास्तर, नाव एमानुएल तांगवा, इस्त्री केलेला पण दोन मापं मोठा कोट. सरकारी वकील उठला आणि म्हणाला, “साहेब, लेखी जबाबात कोठडीत एकोणीस दिवस लिहिलंय, आज हे म्हणाले बावीस.” माझ्या कोर्टात पूर्वी इतकं पुरायचं. हा वकील नऊ वर्षं माझ्यासमोर उभा राहतोय, तो बसलासुद्धा, पेनाला टोपण लावून. मास्तरांच्या वकिलानं मान खाली घातली. घड्याळात अकराला पाच कमी होते. पलीकडे शांत होतं. मी ऐकत होते, खोटं कशाला, माझा एक कान भिंतीतच होता. पलीकडे कुणीतरी खुर्ची मागे सारली. मग पुन्हा काही नाही. त्यानं नाही म्हटलं असेल तर? त्याला खोटं कळलं असेल तर? आणि मग पुठ्ठ्याच्या भिंतीतून, आधी इतका हळू की वाऱ्याचा वाटावा, तो नाकातला सूर आला. आला, थांबला, आणि पुन्हा नीट सुरू झाला. त्यावर कुणा बाईचं मोठ्यानं रडणं, आणि दुसरीचं हसणं, दोन्ही एकातच. माझ्या कोर्टातल्या वकिलांनी सवयीनं माना आणखी खाली घातल्या. मी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले, खाली ठेवला. “तांगवा गुरुजी,” मी म्हटलं, “कोठडीत तुम्ही दिवस कसे मोजत होता?” सरकारी वकिलानं टोपण पुन्हा काढलं. म्हाताऱ्यानं दुभाष्याचं वाक्य संपण्याची वाटही पाहिली नाही. “कुणीतरी विचारायला हवं होतं ते,” तो म्हणाला, आणि सांगू लागला.